अर्धवट चित्र, पाच रुपयांचं तिकीट

आमच्या खानदानाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बत्तीस माणसं. सकाळी फुलं, रात्री चंद्र, मधल्या वेळात फॉरवर्ड. त्यात कुणी स्वतःच्या हातानं केलेलं काही असतं का? नसतं. (मीही त्यातलाच, उगाच शहाणपणा नको.)

तर गेल्या मे महिन्यात एक उद्योग केला. ड्रॉइंगच्या कागदावर आमच्या भांडुपच्या टेकडीवरची एकावर एक चढलेली घरं काढली आणि अर्धा कागद कोरा ठेवला. मागे नातेवाइकांचे पाच पत्ते ओळीनं लिहिले. सोबत सूचना : यात भर घाला, नव्या पाकिटात घालून पुढच्याला पाठवा, शेवटच्यानं मला. वीस ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला पाच रुपयांचं तिकीट. खर्च एवढाच.

कल्पना माझी नाही. अमेरिकेतला रे जॉन्सन हा चित्रकार अर्धवट चित्रं पोस्टानं लोकांना पाठवायचा आणि 'भर घालून परत करा' म्हणायचा. त्याच्या 'न्यूयॉर्क कॉरस्पॉन्डन्स स्कूल'च्या स्पेलिंगमध्ये मुद्दाम 'डान्स' घुसवलेला! १९७० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये या टपालाचं प्रदर्शनही झालं. पुढे ही 'मेल आर्ट' जगभर पसरली. तिच्या प्रदर्शनांचा शिरस्ता असा : परीक्षक नाही, प्रवेश फी नाही, आलेलं सगळं भिंतीवर लावायचं.

आमच्या धंद्यात रिव्ह्यूशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही, म्हणून मला हे फारच आवडलं.

असो. सांगलीच्या मावसभावाकडे कागद तीन आठवडे पडून होता ("चांगलं पेन मिळेना"). मग चिपळूणहून आत्याचा फोन. "अरे, मला कुठं येतंय चित्र? शाळेनंतर पेन्सिल धरली नाही मी." म्हटलं, आत्या, रांगोळी तर काढतेस ना?

ऑगस्टमध्ये कागद परत आला. टेकडीच्या पायथ्याशी ठिपक्यांची रांगोळी. ठिपके ओळीत नाहीत, हात थरथरतो तिचा. ग्रुपवर आजवर तिनं फक्त जोडलेले हात पाठवलेत.

फरक कशानं पडला? माझ्या मते, ग्रुपवरचं चित्र कुणासाठी थांबत नाही. कागद थांबतो. प्रत एकच, आणि ती तुमच्यावाचून अडलेली. मग माणूस नाइलाजानं का होईना, पेन्सिल शोधतो.

आणि हे करायचं तर आत्ताच. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्डनं ३० डिसेंबर २०२५ला शेवटची पत्रं वाटली. २००० सालापासून तिथली पत्रं ९० टक्क्यांहून जास्त घटली होती. आपल्याकडेही २०२५मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. साध्या पत्राची पेटी अजून कोपऱ्यावर आहे. पण आपण तिच्यात शेवटचं काय टाकलं, आठवतंय?

पाच पत्ते तरी पाठ आहेत का बघा. मला तिघांना फोन करून विचारावे लागले. पुढचा कागद आत्या सुरू करणार आहे.