बंगाली की बांगलादेशी?

जून २०२५ मध्ये बांगलादेशात नव्या नोटा आल्या आणि त्यांवरून राष्ट्रपिता शेख मुजीबुर रहमान यांची छबी गेली. त्याआधी फेब्रुवारीत ढाक्यातल्या धानमंडी ३२ येथील त्यांचे घर जमावाने पाडले. याच घरातून त्यांनी स्वातंत्र्याचा लढा चालवला होता आणि याच घरात त्यांची हत्या झाली होती. मुजीबांच्या कन्या शेख हसीना यांची सत्ता गेल्यावर आलेल्या हंगामी सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये ७ मार्च हा मुजीबांच्या १९७१ च्या भाषणाचा दिवस आणि १५ ऑगस्ट हा त्यांच्या हत्येचा दिवस राष्ट्रीय दिनांच्या यादीतून काढले होते. या प्रत्येक बातमीवर आपल्याकडे ठरलेला उद्गार निघाला : बांगलादेश एकाहत्तरचा मुक्तिलढा विसरला. मला हा निवाडा उथळ वाटतो. ज्या राजकीय रीतीने मुजीबांना आज पुसले जात आहे, त्याच रीतीने काल त्यांना भिंतीभिंतीवर टांगले होते.

एकट्या १५ ऑगस्टचा प्रवास पाहा. १९७५ मध्ये या दिवशी मुजीब आणि त्यांचे बहुतेक कुटुंबीय मारले गेले. १९९६ मध्ये मुजीबांची अवामी लीग सत्तेवर आली तेव्हा तो राष्ट्रीय शोकदिन झाला. २००२ मध्ये खालिदा झियांच्या सरकारने तो रद्द केला, २००८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने तो परतला आणि २०२४ मध्ये पुन्हा गेला. ढाक्याच्या विमानतळाला खालिदांचे पती, माजी राष्ट्राध्यक्ष झिया उर रहमान यांचे नाव होते, ते २०१० मध्ये उतरवले गेले. शालेय पुस्तकांचीही तीच गत. २७ मार्च १९७१ रोजी चितगावजवळच्या कालुरघाट केंद्रावरून मेजर झियांनी मुजीबांच्या वतीने स्वातंत्र्याची घोषणा वाचली, ही गोष्ट एकाच परिच्छेदात प्रामाणिकपणे सांगता येते. पण स्वातंत्र्य कोणी जाहीर केले, याचे उत्तर तिथल्या मुलांना सरकार बदलले की नव्याने पाठ करावे लागते. आपण कोण, हे ठरवण्याचा हक्क बांगलादेशात सत्तेबरोबर हाती पडतो आणि सत्तेबरोबर जातो. त्या देशाच्या राजकीय संस्कृतीचे मूळ दुखणे मला इथे दिसते.

याचे दुःख अधिक वाटते, कारण हीच ओळख एके काळी सत्तेच्या विरोधात उभी राहून कमावलेली होती. १९४७ मध्ये पूर्व बंगाल धर्माच्या आधारे पाकिस्तानात गेला. पुढच्याच वर्षी २१ मार्चला जीनांनी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर राष्ट्रभाषा उर्दू आणि उर्दूच असेल असे बजावले. बंगाली ही त्या संपूर्ण देशातल्या निम्म्याहून अधिक माणसांची भाषा होती. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाका मेडिकल कॉलेजच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. अबुल बरकत, रफिक, जब्बार, सलाम ही त्या गोळीबारात गेलेल्यांची नावे आजही तिथल्या लहान मुलांना ठाऊक असतात. भाषेसाठी रस्त्यावर गोळ्या झेलणे म्हणजे काय, हे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पाहिलेल्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की मराठी माणसाला आपले राज्य देशाच्या चौकटीत मिळाले; बंगाली माणसाला त्यासाठी देशच मोडावा लागला.

मधल्या वीस वर्षांत लोकांनी केलेले काम पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा मोठे होते. १९६१ मध्ये, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ‘छायानट’ ही संस्था उभी राहिली. १९६७ मध्ये पाकिस्तानच्या माहितीमंत्र्यांनी रवींद्रसंगीत रेडिओवरून हटवण्याची भाषा केली. त्याच वर्षी छायानटने रमना उद्यानातल्या झाडाखाली पहाटे गाऊन बंगाली नववर्षाचे, पहिल्या बैशाखाचे, स्वागत केले. सरकारी अनुदान नाही, फर्मान नाही. लोक आपणहून जमले. मुसलमान असणे आणि रवींद्रनाथांचे गाणे आपले मानणे यांत त्यांना विसंगती वाटली नाही. तू कोण, मी कोण, बंगाली, बंगाली – ही त्या काळची घोषणा याच मातीतून आली. एखाद्या समाजाने स्वतःला ओळखण्याची याहून सुंदर रीत माझ्या माहितीत नाही.

१९७१ मध्ये स्वातंत्र्य मिळाले आणि या ओळखीचे कलम झाले. १९७२ च्या संविधानाने राष्ट्रवाद, समाजवाद, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता ही चार तत्त्वे मांडली. उपखंडाच्या इतिहासात ते धाडसी पाऊल होते. पण त्याच संविधानाने बांगलादेशाच्या नागरिकांना ‘बंगाली’ म्हटले. चितगावच्या डोंगराळ प्रदेशातून निवडून आलेले मानवेंद्र नारायण लारमा संविधान सभेत उभे राहिले. आपण चाकमा आहोत, बंगाली नाही. आपण बांगलादेशाचे नागरिक आहोत आणि तेवढे पुरेसे असावे, असे त्यांचे म्हणणे होते. ते ऐकले गेले नाही आणि लारमा सभागृह सोडून गेले. उर्दूची सक्ती झुगारून जन्मलेल्या देशाने वर्षभराच्या आत आपल्याच डोंगरी माणसांवर दुसरी सक्ती केली. पुढे तिथे सुमारे दोन दशके सशस्त्र संघर्ष चालला. २ डिसेंबर १९९७ रोजी शांतता करार झाला. त्या सभागृहात थोडे औदार्य दाखवले असते तर किती माणसे वाचली असती!

मुजीबांनी जानेवारी १९७५ मध्ये एकपक्षीय राजवट आणली, हेही नोंदवलेच पाहिजे. चार तत्त्वांपैकी लोकशाही त्यांच्याच हातून गेली. त्यांच्या हत्येनंतर सत्तेवर आलेल्या झियांनी १९७७ मध्ये धर्मनिरपेक्षता काढून तिथे अल्लाहवरील श्रद्धा घातली आणि नागरिकांना ‘बांगलादेशी’ हे नाव दिले. हे नाव चाकमांनाही सामावू शकत होते, पण त्याचा रोख पश्चिम बंगालपासूनचे वेगळेपण आणि मुस्लीम बहुसंख्या ठसवण्याकडे होता. १९८८ मध्ये जनरल इर्शाद यांनी इस्लामला राजधर्म केले. दोघेही लष्करातून आलेले, दोघांनाही मान्यता हवी होती आणि ती त्यांनी धर्मातून मिळवली.

मग २०११ ची पंधरावी घटनादुरुस्ती. शेख हसीनांच्या सरकारने चार तत्त्वे परत आणली आणि राजधर्मही ठेवला. जनता राष्ट्र म्हणून ‘बंगाली’, नागरिक म्हणून ‘बांगलादेशी’, असे दोन्ही लिहून टाकले. मुजीबांची तसबीर सरकारी कार्यालयांत, शाळा-कॉलेजांत, वकिलातींत लावणे संविधानानेच बंधनकारक केले. मूलभूत कलमे कधीही बदलता येणार नाहीत अशीही तरतूद केली. आणि याच दुरुस्तीने निवडणुकीपुरते तटस्थ सरकार नेमण्याची पद्धत मोडीत काढली. एकीकडे राष्ट्रपित्याचा आदर कायद्याने सक्तीचा झाला, दुसरीकडे मताला किंमत उरली नाही. २०१४ आणि २०२४ च्या निवडणुका मुख्य विरोधी पक्षाविनाच पार पडल्या. पन्नास वर्षांत मुजीबांचे सर्वांत मोठे नुकसान त्यांच्या शत्रूंनी केले नाही. त्यांचा वारसा एका पक्षाचा, एका घराण्याचा करणाऱ्यांनी केले.

म्हणूनच जुलै २०२४ मध्ये विद्यार्थ्यांचा उठाव झाला. स्वातंत्र्यसैनिकांच्या मुला-नातवंडांना सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के राखीव जागा, हा वादाचा मुद्दा होता. हसीनांनी आंदोलकांच्या संदर्भात रझाकारांच्या नातवंडांचा उल्लेख केला आणि त्या रात्री ढाका विद्यापीठात जुनीच घोषणा नव्या शब्दांत घुमली : तू कोण, मी कोण, रझाकार, रझाकार. १९७१ मध्ये पाकिस्तानी फौजेला साथ देणाऱ्यांचे ते नाव. ते कपाळी लावून घेण्याइतका त्या मुलांचा संताप झाला होता. त्या तरुणांना एकाहत्तर नको नव्हते; एकाहत्तरची मालकी सांगणारे नको होते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने त्या उठावातील मृत्यूंचा आकडा १,४०० पर्यंत असू शकतो असे म्हटले आहे.

पण हसीनांची सत्ता गेली त्या ५ ऑगस्टनंतर तरी रीत बदलली का? अली रियाझ यांच्या अध्यक्षतेखालील घटना सुधारणा आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये समता, मानवी प्रतिष्ठा, सामाजिक न्याय, बहुविधता आणि लोकशाही ही नवी तत्त्वे सुचवली. शब्द म्हणून ती जुन्यांहून कमी नाहीत. ‘बहुविधता’ तर लारमांना हवे होते तेच आहे. मात्र त्याच शिफारशीत धर्मनिरपेक्षता वगळली आहे. मे २०२५ मध्ये अवामी लीगच्या कारवायांवर बंदी आली. हसीनांनंतरच्या दिवसांत हिंदूंच्या घरांवर, देवळांवर हल्ले झाले. पहिल्या बैशाखाच्या मिरवणुकीच्या नावातला ‘मंगल’ हा शब्दही २०२५ मध्ये काढला गेला. जिंकलेल्यांनी पुन्हा एकदा पुसण्यापासूनच सुरुवात केली आहे आणि यातून आणखी एक सुडाचे चक्र जन्माला येईल, अशी मला भीती वाटते.

या चक्रात अवामी लीग आणि झिया घराण्याचा पक्ष या दोन्ही मोठ्या पक्षांची माणसे आळीपाळीने जिंकतात. डोंगरातले चाकमा आणि मार्मा, खुलन्याचे हिंदू, ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पमधले उर्दूभाषक, ज्यांना नागरिकत्वासाठी २००८ च्या न्यायालयीन निकालापर्यंत थांबावे लागले, हे लोक कोणाच्याही राज्यात जिंकत नाहीत. बांगलादेशाची राजकीय संस्कृती सुधारली की नाही, हे त्यांच्या दारी जाऊन तपासावे लागेल.

आपल्यालाही यात थोडे शिस्तीत वागायला हवे. ढाक्यातल्या प्रत्येक सरकारला दिल्लीशी जमवून घेते की नाही या एकाच फूटपट्टीने आपण मोजतो, आणि एकाहत्तरच्या मदतीची परतफेड मागत राहतो. हसीनांच्या काळात मते चोरली जात होती तेव्हा आपल्या बहुतेक वृत्तपत्रांनी त्याकडे दुर्लक्ष केले. शेजारी देशाने स्वतःला काय म्हणवावे हे त्याचे लोक ठरवतील. आपण एवढे तरी करावे : तिथल्या अल्पसंख्याकांवर हल्ला झाला की जितक्या मोठ्याने बोलतो, तितक्याच मोठ्याने तिथल्या नागरिकाचा मताचा हक्क हिरावला गेला की बोलावे, मग सत्तेवर कोणीही असो.