साबण वाळेपर्यंत हप्ता थांबत नाही

अलीकडे बचत गटाच्या बैठकीत पापड, लोणची, शेवयांच्या जोडीला आणखी एक नाव हमखास निघते, ते म्हणजे हातचा साबण. घरचे दूध आहे, कोल्हापूरचा गूळ आहे, बांधावर कोरफड आणि कडुनिंब आहे, मग साबण का करू नये, असा साधा सवाल असतो. सवाल रास्त आहे. गडमुडशिंगीसारख्या गावाला तर तो जास्तच लागू पडतो. कोल्हापूर शहर हाकेच्या अंतरावर, एका अंगाला विमानतळ, जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. विमानतळाच्या विस्तारात गावची जमीन गेली. ज्यांच्याकडे तुकडा उरला त्यांचा ऊस, सोयाबीन, भुईमूग आणि दावणीला दोन म्हशी. अशा घराला शेताबाहेरचे चार पैसे पाहिजेतच. पण साबण करायला शिकवणारे पुष्कळ झाले, साबणाचा धंदा शिकवणारे फारसे कोणी दिसत नाहीत.

शिकवतात तरी काय? बहुतेक एकदिवसीय प्रशिक्षणांत शहरातून आणलेला तयार 'सोप बेस' वितळवायचा, त्यात रंग-वास घालायचा आणि साच्यात ओतायचा. दुपारी चार वाजता गुलाबाच्या आकाराची वडी हातात, गटाचा फोटो, प्रमाणपत्र आणि चहा. बायका हौसेने घरी जातात. हे साबण करणे नव्हे, दुसऱ्याने केलेला साबण आकारात बसवणे आहे. यात घरचे तेल खपत नाही, कसब लागत नाही, आणि नफ्याचा मोठा वाटा बेस विकणारा आधीच घेऊन गेलेला असतो. दिवाळीत चार पाहुण्यांना द्यायला ठीक आहे. यावर धंदा उभा करा म्हणून कोणी कर्ज काढायला सांगत असेल, तर त्याला आधी हिशेब मांडून दाखवायला लावा.

खरा साबण तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून होतो. एक किलो तेलाचा घाणा धरू. ६०० ग्रॅम खोबरेल, २५० ग्रॅम शेंगतेल, १५० ग्रॅम एरंडेल. याला कॉस्टिक साधारण १५५ ग्रॅम आणि पाणी ३०० ते ३२० मिली लागते. हे माप म्हणजे आमटीतले मीठ नव्हे, अंदाजाने चालत नाही. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळे लागते. खोबरेलाला सर्वांत जास्त, एरंडेलाला कमी. तेल बदलले की माप बदलले. म्हणून ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा ही पहिली खरेदी, साचे नंतर. पावसाळ्यात कॉस्टिकची पिशवी उघडी राहिली तर ते हवेतला ओलावा ओढते आणि वजन फसवते. झाकण घट्ट हवे.

दोन गोष्टी मात्र दारावर लिहून ठेवा. कॉस्टिक पाण्यात घालायचे, पाणी कॉस्टिकवर ओतायचे नाही. उलटे केले तर उकळी फुटून अंगावर येते. आणि जर्मनचे पातेले या कामाला चालत नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियम खाते आणि पेट घेणारा वायू सोडते. स्टेनलेस स्टीलचे भांडे वापरा, आणि त्यात पुन्हा स्वयंपाक करू नका. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि पोरं घराबाहेर. डोळ्यात थेंब गेलाच तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवायचे आणि लगेच दवाखाना गाठायचा. दूध घालायचे असेल तर ते बर्फासारखे गोठवून घ्यावे, नाहीतर करपून तपकिरी होते आणि वास मारतो. गुळाने फेस चांगला येतो, पण एका किलो तेलाला चमचाभर पुरे. जास्त झाला की घाणा आतून तापतो आणि साच्याबाहेर येतो.

आता दिवसाचे बघू. गडमुडशिंगीतल्या एखाद्या मळ्यावरच्या घराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे पाचला धारा, दूध संस्थेत, मग शेणघाण, पोरांचे डबे. दहाला भांगलणीला शेतात. संध्याकाळी पुन्हा धारा. साबणाला वेळ उरतो तो दुपारचा नाहीतर रात्री जेवणं झाल्यावरचा, आणि रात्री दमलेल्या हाताने कॉस्टिक मोजणे हे काही बरे लक्षण नव्हे. चार किलो तेलाचा घाणा धरला तर मोजमाप, ढवळणे, ओतणे यात दोन तास जातात. दुसऱ्या दिवशी कापायला अर्धा तास, मधे वड्या उलटायच्या, शेवटी बावन्न वड्यांना कागद गुंडाळून चिकटवायला दीड-दोन तास. म्हणजे अर्ध्या दिवसाचा रोज. गावात भांगलणीचा जो रोज चालू आहे त्याचा निम्मा या बावन्न वड्यांवर टाकला पाहिजे. तो कोणी टाकत नाही. "घरचंच काम हाय की" म्हणून बाईचे हात फुकटात धरले जातात आणि मग साबण फायद्यात दिसतो. ऊस लावताना स्वतःची मजुरी न धरणारा शेतकरी जसा फसतो, तशीच ही फसगत आहे, फक्त या वेळी घरातल्या वहिनीची.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. आपल्या भागातल्या घराला दुधाच्या बिलाची सवय आहे. दूध आज घातले, दर दहा दिवसांनी बिल. साबणाचे तसे नाही. आज ओतलेली वडी चार ते सहा आठवडे वाळवावी लागते. त्याशिवाय ती घट्ट होत नाही, अंगाला सौम्य लागत नाही आणि पाण्यात लवकर विरघळून जाते. कोल्हापूरच्या पावसात तर सहा आठवडेही अपुरे पडतात. साबणातले ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते आणि वडीला घाम फुटतो. मग माल दुकानात जातो, दुकानदार विकल्यावर पैसे देतो. तेलात घातलेला रुपया परत यायला तीन महिने सहज लागतात. गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू. साबण माळ्यावर वाळतोय आणि हप्ता दुधाच्या बिलातून चाललाय, असे होते. दोन-तीन हप्ते गेले की सासूबाई विचारतात, मालक विचारतात, आणि हळूहळू साचे कोपऱ्यात जाऊन पडतात. लोकांना वाटते बाईला जमले नाही. बाईला साबण जमला होता. मुदत कर्जाची चुकली होती.

प्रशिक्षणात भाषण करणारे नेहमी निरमाचा दाखला देतात. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घराच्या आवारात पावडर करून सायकलवर विकली, हे खरेच आहे. पण तो धुण्याचा पावडरीचा धंदा. सकाळी मिसळली की संध्याकाळी विकता येते, वाळवत ठेवावी लागत नाही. पैसा रोज फिरत होता. दाखला द्यायचा तर पुरता द्यावा.

त्यात बाजारही बदलला आहे. २०२५ साली खोबरेल तेलाचा भाव भडकला आणि घरच्या वडीचा खर्च तेलावरच वाढला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून अंघोळीच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कंपनीची वडी त्यामुळे स्वस्त होणार. चाळीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या आणि नोंदणी नसलेल्या आपल्या गटाला त्यातून थेट काही मिळत नाही. तेव्हा किमतीत कंपनीशी भिडण्याचा नाद सोडावा. धाराशिवकडे उस्मानाबादी शेळीच्या दुधाचा साबण निघाला तेव्हा विकले गेले ते त्या शेळीचे नाव आणि गावचे नाव. आपल्याकडे गूळ आहे, म्हशीचे दूध आहे, अंबाबाईला येणारा परगावचा भाविक आहे. गिऱ्हाईक तिथे शोधावे.

आता कायद्याचे बोलू, कारण याबद्दल गावात चक्क अंधार आहे. अंगाला लावायचा साबण हा सौंदर्यप्रसाधन म्हणून औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याखाली येतो. पूर्वी साबण त्यातून वगळलेला होता, १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. विक्रीसाठी असा साबण करायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. सध्या त्याला २०२० चे नियम लागू आहेत. तयार बेस वितळवून वड्या पाडल्या तरी सुटका नाही. वेष्टनावर परवाना क्रमांक, घाण्याचा क्रमांक, घटक, पत्ता, मुदत हे सगळे हवे. 'खरूज, नायटा, मुरुम बरे करतो' असे छापले की तो साबण औषध ठरतो, आणि मग भानगड वेगळीच. वजनाचेही तसेच. ओली शंभर ग्रॅमची वडी वाळून नव्वदीवर येते. कापतानाच ११० ते ११५ ग्रॅमची कापावी, नाहीतर वैधमापनवाले विचारतील आणि त्यांचे बरोबर असेल.

हा परवाना प्रत्येक घराला परवडणारा नाही. वेगळी स्वच्छ जागा पाहिजे, गोठ्याशेजारची खोली दाखवून भागणार नाही. आणि देखरेखीला पूर्णवेळ जाणकार माणूस पाहिजे. या अटीला लोक घाबरतात, पण डी. फार्म.वालाच पाहिजे असे नाही, रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली व्यक्तीही चालते. अशा मुली आणि सुना आता गावोगाव आहेत. एमआयडीसीत पॅकिंगला जाण्यापेक्षा गावातच त्यांना पगाराचे काम मिळेल.

म्हणून सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांना सांगणे आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दहा टक्के महिला व बालकल्याणाचा निधी दर वर्षी अशा एकदिवसीय प्रशिक्षणांवर उडवू नका. पडून असलेली एखादी खोली पाणी, वीज, फरशी आणि मांडण्या करून द्या आणि एकाच नावाने परवाना काढा. परवानाधारक जागेत दुसऱ्या गटाला आपला माल करता यावा, यासाठी 'लोन लायसन्स'चीही सोय नियमांत आहे. कॉस्टिक घराघरांत पोरांच्या हाताशी राहण्यापेक्षा एका कुलपात राहील, हा फायदा वेगळाच. गटाला कर्ज देणाऱ्या बँकेकडे उमेदच्या ताईंनी एकच मागणी धरावी, की पहिला हप्ता चौथ्या महिन्यापासून सुरू व्हावा. आणि अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत साबणाचे अर्ज घालून बायकांच्या चकरा वाढवू नका. ती योजना खाद्यपदार्थांची आहे. साबणाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात आणि खादी ग्रामोद्योग कार्यालयात करा.

खोली होईपर्यंत हात रिकामे ठेवायचे नसतील तर कपड्याचा साबण करा. तो अंगाला लावायचा नसल्यामुळे त्याला सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागत नाही, वास उग्र असला तरी चालतो आणि महागडे खोबरेल लागत नाही. करंजाच्या शेंगा आणि निंबोळ्या दर उन्हाळ्यात झाडाखाली कुजतात. त्यांच्या तेलाचा साबण हा खादी ग्रामोद्योगाचा जुनाच विषय आहे.

दिवाळीचा बाजार धरायचा तर मागून मोजा. अनंत चतुर्दशी ते नरक चतुर्दशी साधारण पंचेचाळीस दिवस. शेवटचा घाणा विसर्जनाच्या आत पडला पाहिजे आणि पावसाचा ओलावा धरला तर श्रावणातच. परवान्याला त्याआधी काही महिने लागणार. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय काढला तर त्या वर्षीची दिवाळी गेली म्हणून समजा. विषय १ मेच्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर हवा. गटांनी नोटीस निघण्याआधी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.