कोटींची चढाई, लाखांची पकड

प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामासाठी २०२५ च्या मे अखेरीस मुंबईत लिलाव झाला. गुजरात जायंट्सने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी २३ लाखांची बोली लावली. बंगाल वॉरियर्सने देवांक दलालसाठी २ कोटी २० लाख ५० हजार मोजले. त्या लिलावातले हे सर्वांत महाग दोन खेळाडू. पाच महिन्यांनी बाद फेरीचे आठ संघ ठरले, तेव्हा त्यांत ना गुजरात होता ना बंगाल. विजेतेपद दबंग दिल्लीने पटकावले, अंतिम सामन्यात पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवून. आणि त्या सामन्यात दिल्लीच्या चढायांचा भार वाहिला तो नीरज नरवाल आणि अजिंक्य पवार यांनी. लिलावाच्या मथळ्यांत ही नावे शोधूनही सापडली नसती.

यावर आपल्याकडे दोन तऱ्हेच्या गप्पा रंगतात. एक गट म्हणतो, मातीतल्या खेळाला एवढे पैसे कशाला, पैसा आला की खेळाडू बिघडतो. दुसरा गट ऋषभ पंतचे आयपीएलमधले २७ कोटी पुढे करून विचारतो, की हुतूतू खेळणाऱ्याने मात्र दोन कोटींत समाधान मानायचे का? दोन्ही गट तावातावाने बोलतात ते संघातल्या एकाच माणसाबद्दल. बाद फेरी जिंकून देणारा आणि पैशाच्या हिशेबात सर्वांत मागे राहणारा खेळाडू या वादात कुठेच नसतो. असा खेळाडू बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या जिल्ह्यातून आलेला असतो, म्हणून बुलढाण्याच्या वाचकांसमोर हा विषय मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते.

आधी खेळाचे बोलू. साखळी फेरीत एखादा जबरदस्त चढाईपटू संघाला बरेच अंतर ओढून नेतो. बाद फेरीत प्रतिस्पर्धी त्याची प्रत्येक हालचाल पाहून आलेले असतात. अकराव्या हंगामात पाटणा पायरेट्सकडून चढायांतले तीनशेहून अधिक गुण मिळवणारा हाच देवांक अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सच्या बचावासमोर पाचच गुण काढू शकला आणि पाटणा ३२-२३ असा हरला. बाद फेरीचा सामना बहुतेकदा कमी गुणांचा, दबकत खेळलेला असतो. चार गुणांची आघाडी असलेला संघ शेवटच्या पाच मिनिटांत घड्याळाशी खेळतो. चढाईपटू निदान रेषा ओलांडून येतो, तीस सेकंद काढतो, रिकाम्या हाताने परततो. पण असे दोनदाच करता येते. तिसरी चढाई 'करो या मरो'ची. गुण नाही मिळाला तर खेळाडू बाद.

ती तिसरी चढाई कोणाला द्यायची, यात प्रशिक्षकाचे कसब लागते. मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला तर तो परत आत येईपर्यंत संघ पांगळा. म्हणून अनेक संघ या चढाईला दुसऱ्या किंवा तिसऱ्या फळीतला गडी पाठवतात. बचावात हेच उलट्या बाजूने घडते. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला दोन गुण मिळतात. अशा वेळी लोण वाचवणारा, उलट दोन गुण कमावणारा कोपरारक्षक कोटींचा असतोच असे नाही. २०२४ च्या १ मार्चला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. त्या सामन्याचे पारडे फिरवले ते मध्यंतराआधी पंकज मोहितेने एका चढाईत मिळवलेल्या चार गुणांनी. पुण्याबद्दलची चर्चा मात्र शादलुईच्या २ कोटी ३५ लाखांचीच होती; तो तेव्हा पुण्याकडे होता.

इथेच पैशाचा हिशेब सुरू होतो. प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला खेळाडूंवर ५ कोटींपर्यंत खर्च करता येतो. म्हणजे विजेत्या पुण्याने आपल्या थैलीतला ४७ टक्के पैसा एकट्या शादलुईवर ओतला होता. त्याच हंगामात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार दिले, म्हणजे ५२ टक्के. आणि टायटन्स बावीस सामन्यांत दोन विजयांसह तळाला गेले. त्याआधीच्या हंगामात याच पवनला तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाखांना घेतले होते. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला, हंगाम संपला. आणि त्याच्याशिवाय थलायवाज पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचले. पवन हा अस्सल खेळाडू आहे, त्याला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण पुणे आणि टायटन्स या दोघांनीही अर्धी थैली एकाच माणसावर रिकामी केली असताना एक विजेता आणि दुसरा तळाला, असे का झाले?

फरक उरलेल्या अर्ध्या थैलीत होता. नगर जिल्ह्यातला, आईने मोलमजुरी करून वाढवलेला अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, अबिनेश नादराजन. पुण्याने ही पोरे विशीच्या आसपास हेरली, नवोदित म्हणून घेतली आणि राखून ठेवली. कराराच्या मुदतीत असा नवोदित खुल्या लिलावात जात नाही. त्याचा खेळ कोटीचा झाला तरी रक्कम करारातलीच राहते. महागडा तारा घेऊनही पाच कोटींत समतोल संघ बांधता येतो तो याच फरकाच्या जोरावर. साध्या भाषेत, ताऱ्याचे कोटी कोणी धनाढ्य मालक खिशातून देत नाही. मर्यादा ठरलेली असल्यामुळे ते त्याच संघातल्या स्वस्त पोरांच्या वाट्यातून येतात. बाद फेरीची व्यूहरचना लिलावाच्या टेबलावरच ठरते आणि तिची किंमत नवोदित भरतो.

लिलावात सर्वांत खालच्या 'ड' गटाची मूळ किंमत ९ लाख. शादलुईशी तुलना केली तर जवळपास पंचवीसपट अंतर, तेही एकाच मॅटवर, एकाच साखळीत हात धरून उभ्या राहणाऱ्या खेळाडूंमध्ये. नऊ लाख ही आमच्या मोताळ्यातल्या किंवा संग्रामपुरातल्या सोयाबीन-कापसाच्या घराला मोठी रक्कम वाटेल, आणि आहेच. पण कबड्डीपटूचा गुडघा आणि घोटा किती वर्षे साथ देतो, हेही त्याच घराला कळायला हवे.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. प्रो कबड्डीने बाराव्या हंगामात पाचव्या ते आठव्या क्रमांकाच्या संघांसाठी 'प्ले-इन'चे सामने आणले. ही कल्पना तिथल्या एनबीए लीगच्या प्रेक्षकांना आधीपासून परिचित आहे. स्पर्धेचा ढाचा तिथल्यासारखा चालतो, तर पगाराचे नियमही बघावेत. एनबीएत १९८४-८५ पासून संघांच्या पगारखर्चाला मर्यादा आहे. मात्र कितीही मोठा तारा असो, नव्या कराराच्या पहिल्या वर्षी त्याला सहसा त्या मर्यादेच्या ३५ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. खाली किमान पगार ठरलेला आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लीगच्या बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा, हे लेखी करारात आहे. हे काही मालकांच्या औदार्यातून आले नाही. तिथल्या खेळाडूंची संघटना १९५४ ची. १९६४ मध्ये बोस्टनच्या ऑल-स्टार सामन्याच्या संध्याकाळी, दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण सुरू व्हायची वेळ आली असताना, त्या काळचे सर्वांत नामवंत खेळाडू ड्रेसिंग रूममधून बाहेर यायला तयार नव्हते. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळाले, तेव्हाच ते मैदानात उतरले. त्या रात्री अडून बसले होते ते तारे, आणि त्याचा फायदा पुढे राखीव बाकावरच्या खेळाडूंनाही झाला. आमच्या कबड्डीतल्या ताऱ्यांनी हा भाग अजून उचललेला दिसत नाही.

आपल्याकडचे आकडे मांडू. २०२१ ते २०२५ या पाच हंगामांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी स्टारने सुमारे ९०८ कोटी रुपये मोजले, म्हणजे हंगामाला १८१ कोटींच्या आसपास. बारा संघांची ५ कोटींची थैली पूर्ण रिकामी झाली तरी खेळाडूंवरचा खर्च ६० कोटी, एकट्या प्रक्षेपण हक्कांच्या एक तृतीयांश. प्रायोजक आणि तिकिटे वेगळीच. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की हक्क विकत घेणारी स्टार हीच लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये मोठी भागीदार आहे, त्यामुळे हा पैसा काही अंशी या खिशातून त्या खिशात जातो. आणि ज्या आयपीएलचे दाखले दिले जातात, तिथे तर हे प्रमाण याहून कमी आहे. २०२३ ते २०२७ च्या हक्कांचे ४८,३९० कोटी, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींहून अधिक. आणि २०२५ च्या हंगामात दहा संघांच्या १२० कोटींच्या थैल्या मिळून १,२०० कोटी. कबड्डीपटूने क्रिकेटपटूच्या २७ कोटींचा हेवा करण्याऐवजी दोघांनी मिळून वाट्याचा प्रश्न विचारला असता तर बरे झाले असते.

२०१४ च्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला सर्वाधिक १२ लाख ८० हजार मिळाले होते. तिथून चार वर्षांत फजल अत्राचली एक कोटीवर आणि मोनू गोयत दीड कोटीवर पोहोचले. ही झेप मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. लीग येण्यापूर्वी महाराष्ट्रात कबड्डीचा पगार म्हणजे नोकरी. एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम, रेल्वे, पोलिस. ती नोकरी साठीपर्यंत पुरायची. लीगचे मानधन हंगामापुरते असते. आजही शहाणा खेळाडू लीगच्या पैशात घर बांधतो आणि नोकरी सोडत नाही. बुलढाण्याच्या पोलिस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगडू येथील जागतिक पोलिस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचे सुवर्ण जिंकले, तेही या नोकरीच्या वाटेनेच. सरकारी भरतीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणात बनावट प्रमाणपत्रे घुसवणाऱ्यांनी खऱ्या खेळाडूंची हीच वाट अडवली, म्हणून तो गुन्हा आम्हाला साध्या फसवणुकीहून मोठा वाटतो.

मुलींचे तर विचारूच नका. २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली आणि एका हंगामात गुंडाळली गेली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत चिनी तैपेईला एका गुणाने हरवून सुवर्ण आणणाऱ्या आणि २०२५ मध्ये ढाक्यात विश्वचषक जिंकणाऱ्या संघासाठी पुरुषांच्या तोडीची लीग अजून उभी नाही. सरकार बक्षीस जाहीर करते हे खरे. खो-खो विश्वविजेत्या मराठी खेळाडूंना राज्याने प्रत्येकी सव्वादोन कोटी जाहीर केले, तेव्हा कर्नाटकच्या दोन खेळाडूंनी आपल्या सरकारचे पाच लाख नाकारले होते. बक्षीस जिंकल्यावर मिळते; सरावाच्या वर्षांत घरचा किराणा त्यातून येत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. कबड्डीच्या राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरतो. म्हणजे आमच्या पोरांना मुंबई-पुण्याच्या गर्दीत जागा शोधावी लागत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला हा खेळ जगापुढे दाखवला, तोही वऱ्हाडातूनच. एवढे असूनही लीगच्या संघांची नजर पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईकडे सहज जाते, घाटावर आणि घाटाखाली क्वचितच वळते. इथे खुले सामने भरपूर होतात. रात्री हॅलोजन लावून, मातीवर, गावपुढाऱ्याने जाहीर केलेल्या रोख बक्षिसासाठी. मात्र मातीवर वाढलेला गडी मॅटवर उतरला की त्याचा पाय आणि अंदाज दोन्ही बदलावे लागतात. तालुक्याच्या क्रीडा संकुलात मॅट नसेल, किंवा असून गुंडाळून ठेवली असेल, तर तो बदल शिकायचा कुठे? रोख बक्षिसाच्या सामन्यात गुडघा फिरला तर दवाखान्याचे बिल आयोजक देत नाही. ते बापाच्या नावावर चढते.

आमचे म्हणणे असे. लीगने एका खेळाडूवरच्या खर्चाला थैलीच्या पस्तीस टक्क्यांची मर्यादा घालावी आणि त्यातून मोकळा होणारा पैसा 'ड' गट व नवोदितांची किमान रक्कम वाढवायला वापरावा. नवोदित ठरावीक सामने खेळला की रक्कम आपोआप वाढेल, असे कलम करारात असावे. दुखापतीचा विमा हंगाम संपल्यावरही चालू राहावा. जिल्हा क्रीडा कार्यालयाने तेराही तालुक्यांत मॅट किती, त्यावर सराव किती दिवस होतो आणि प्रशिक्षक कोण, हे जाहीर करावे. खुल्या सामन्यांच्या आयोजकांनी बक्षिसाच्या रकमेतला काही भाग आधी खेळाडूंच्या विम्यावर खर्च करावा. आमदार-खासदारांच्या नावाच्या चषकांपासून याची सुरुवात व्हायला हरकत नाही. आणि निवड झालेल्या मुलाला कराराची मराठी प्रत सहीच्या निदान आठवडाभर आधी मिळाली पाहिजे, म्हणजे कागद कळणाऱ्या एखाद्या वकिलाकडे किंवा शिक्षकाकडे नेऊन त्याच्या आईबापाला विचारता येईल, की ही रक्कम किती हंगामांची आहे आणि पोरगा मध्येच जायबंदी झाला तर पुढे काय.