घरधनी की रखवालदार?

परगावी गेल्यावर उतरावयाचे कोठे, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना फारसा पडत नसे. नातलगाचे घर, देवस्थानची अग्रशाळा किंवा ओळखीच्या कुळाची पडवी यांवर त्यांचे भागत असे. पुढे प्रवास वाढला, हाती पैसा आला आणि रात्रीच्या निवाऱ्याचाही बाजार मांडला गेला. या बाजारात अलीकडे खेड्यातील जुन्या घराला मोल आले आहे. ज्या मातीच्या भिंती आणि सारवलेली जमीन पाहून शहरी माणूस कालपर्यंत नाक मुरडीत होता, त्यांच्या सहवासात दोन रात्री काढण्यासाठी तो आज खिशात हात घालावयास तयार आहे. ही रुची स्वागतार्ह आहे. मात्र ज्याचे घर त्याच्या पदरात तिचे फळ पडणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि आज तो मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या दारात येऊन उभा राहिला आहे.

बालाघाट हे नाव किनाऱ्यावरील वाचकाच्या कानांवरून क्वचितच गेले असेल. वास्तविक तो आपला भाषिक शेजारी. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून इंग्रजांनी तो बनविला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तरी वारासिवनी, कटंगी, लांजी या महाराष्ट्राच्या बाजूच्या पट्ट्यात मराठी व तिच्या नात्यातील पोवारी बोली आजही कानी पडते. वैनगंगेच्या खोऱ्यात पिकणाऱ्या तेथील चिन्नोर या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. घाट चढून बैहरकडे गेले, की सालवृक्षांचे अरण्य सुरू होते आणि गोंड व बैगा यांची गावे लागतात. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार याच अंगाला आहे.

या भूमीने आजवर जगाला पुष्कळ दिले. भरवेलीचे मँगनीज दिले, मलाजखंडचे तांबे दिले, अरण्यातील साग आणि साल दिला. १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले, १९७३ साली तेथे व्याघ्रप्रकल्प आला. १९७० च्या सुमारास अवघा ६६ वर येऊन ठेपलेला बारशिंगा तेथे वाचला, हे या देशातील वन्यजीवरक्षणाचे मोठे यश होय. परंतु त्या यशासाठी अरण्यातील अनेक गावे उठवावी लागली, आणि उठलेली माणसे बव्हंशी बैगा व गोंड होती, हेही तितकेच खरे. त्यानंतरची कित्येक वर्षे हा जिल्हा नक्षलवादी हिंसेच्या सावटाखाली राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे तत्कालीन परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची त्यांच्याच गावी हत्या झाली, तेव्हा त्या सावटाची गडदता साऱ्या देशाला कळली. परका माणूस दिसताच जेथे दार लोटून घ्यावे असा तो काळ होता. अशा मुलखात एखादे कुटुंब अनोळखी पाहुण्यासाठी दार उघडते, तेव्हा त्या घटनेला केवळ व्यवसाय म्हणून चालणार नाही.

मध्य प्रदेशच्या पर्यटन मंडळाने अलीकडच्या वर्षांत ग्रामीण व आदिवासी भागांतील कुटुंबांना आपल्या घरी पाहुणे उतरविण्यासाठी साहाय्य देण्याचे धोरण स्वीकारले आहे. त्याच वेळी अरण्याच्या कडेला धनिकांसाठी महागडी विश्रामस्थानेही उभी आहेत. तेथे भिंतीवर गोंड चित्रे असतात, ताटात कोदो-कुटकी असते, संध्याकाळी शेकोटीभोवती आदिवासींचे नृत्य असते. मालक मात्र दूरच्या शहरात असतो, आणि त्या चित्रांचा, त्या धान्याचा व त्या नृत्याचा खरा धनी तेथे रोजंदारीवर माळीकाम करीत असतो. एकाच जंगलाच्या कडेला हे दोन मार्ग आज शेजारी शेजारी आहेत. कोणता मार्ग रुंद करावयाचा, हे ठरविण्याची हीच वेळ आहे.

या निर्णयासाठी इटलीचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशातील शेतकरी मिलान आणि तुरीन येथील कारखान्यांकडे धावला. तोस्कानासारख्या प्रांतांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली अर्धेलीची पद्धत मोडली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यासच बंदी झाली. कुळांची दगडी घरे ओस पडली. त्यांतील कित्येक घरे पुढे परदेशी श्रीमंतांनी विकत घेतली, आणि शेत मागे पडून घरच तेवढे सजले. त्या देशाने यावर जो तोडगा काढला, तो ५ डिसेंबर १९८५ च्या कायद्यात आला आणि २००६ च्या कायद्याने अधिक स्पष्ट झाला. त्याचे सार सोपे आहे. शेतावर पाहुणे ठेवण्याचा हा धंदा शेतकऱ्यानेच करावा. शेती हाच त्याचा मुख्य उद्योग राहिला पाहिजे, पाहुणचार हा जोडधंदा. शेतावर आधीच असलेल्या इमारती त्यासाठी वापराव्यात, आणि पाहुण्याच्या ताटात मुख्यतः स्वतःच्या शेतातले व त्या परिसरातले अन्न वाढावे. आज इटलीत अशी पंचवीस हजारांवर शेतघरे आहेत. तेथे उतरलेल्या पाहुण्याला ऑलिव्हचे तेल कोणत्या झाडांचे ते खिडकीतून दाखविता येते. द्राक्षमळा चालतो म्हणून पाहुणा येतो, आणि पाहुणा येतो म्हणून द्राक्षमळा टिकतो.

या नियमाची किंमत आम्हां गोमंतकीयांइतकी दुसऱ्या कोणास कळणार? आपल्याकडील पर्यटनाचा आरंभही घराच्या ओसरीवरच झाला होता. मुक्तीनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत कळंगुट, हणजुणे येथे जे परदेशी तरुण आले, ते रापणकारांच्या व शेतकऱ्यांच्या घरी खोली घेऊन राहिले. त्या वेळी चार पैसे घरच्या बाईच्या हाती पडत होते. पुढे हॉटेले आली, विमाने भरभरून प्रवासी आले, जमिनीचे भाव चढले. शेत पडीक ठेवणे परवडू लागले आणि कसणे परवडेनासे झाले. मग घरही विकले गेले. आज किनाऱ्यालगत अशी जुनी घरे आहेत, की ज्यांच्या सोप्यावर महानगरातील धनी वर्षातून आठ दिवस बसतो आणि उरलेले दिवस गावातलाच एखादा माणूस त्यांची राखण करतो. घरधनी आपल्याच घराचा रखवालदार झाला! हे कोणी बळजबरीने केले नाही. आपण सह्या केल्या, पैसे मोजून घेतले आणि सोयरिकीच्या खर्चात ते संपविले.

बालाघाटला या वाटेने जावयाचे नसेल, तर तेथे काही गोष्टी आतापासूनच ठरल्या पाहिजेत. पहिली गोष्ट मालकीची. बैहर हा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे करण्यास तेथे कायद्याचा प्रतिबंध आहे. पण भाडेपट्टे, भागीदाऱ्या आणि बेनामी व्यवहार या पळवाटा या देशात नवीन नाहीत. म्हणून पाहुण्यांसाठी परवाना देताना ते कुटुंब त्या घरात खरोखर राहते काय आणि आपली शेती कसते काय, हे पाहिले गेले पाहिजे. ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा असून मध्य प्रदेशाने त्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केले. गावात किती घरांनी किती पाहुणे ठेवावेत, याचा निर्णय त्या ग्रामसभेने घेणे हेच उचित.

दुसरी गोष्ट शेतीची. पावसाळ्याचे तीन महिने, जुलै ते सप्टेंबर, उद्यानाचा गाभा प्रवाशांस बंद असतो. वाघावर विसंबलेल्या विश्रामस्थानाला तेव्हा कुलूप लागते. शेतकऱ्याच्या घराला मात्र तेव्हाच खरा जीव येतो. बांधावर चिखल असतो, भाताची रोवणी चाललेली असते. पाहुणा वाघासाठी न येता त्या घरासाठी आला, तर तो श्रावणातही येईल, मोहाची फुले वेचण्याच्या दिवसांतही येईल. घराला बारमाही आधार मिळेल आणि चिन्नोरचे पोतेही दारातूनच विकले जाईल. तिसरी गोष्ट हिशेबाची. अंगण सारवणे, छुई मातीने भिंती पोतारणे, रांधणे, वाढणे ही सारी कामे घरातील स्त्री करते. तिच्या नावावर पैसा जमा होत नसेल, तर त्या पाहुणचारात आणि वेठबिगारीत अंतर ते कोणते?

राहता राहिला पाहुणा. त्यालाही, म्हणजे आपल्यालाही, चार शब्द सुनावणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. अतिथीला देव मानण्याची शिकवण आपण अभिमानाने मिरवितो. देव झालेल्या अतिथीने कसे वागावे, याचा विचार क्वचित करतो. बैगांच्या घरी पाहुणा म्हणून जावयाचे, तर तेथे शहरातील स्नानगृह मागू नये, न विचारता घरच्या माणसांची छायाचित्रे घेऊ नयेत, आणि हुकूम सोडून नृत्य करवू नये. आणखी एक परीक्षा आहे, ती जरा अवघड. ज्यांच्या घरचे पाणी पिण्यास आपली मागची पिढी कचरत असे, त्यांच्या चुलीवरचे अन्न त्यांच्याच अंगणात बसून आपण निःसंकोच जेवू काय? बैगा व गोंड यांचे रोजचे अन्न म्हणजे पेज. तोच शब्द, तोच भातावरचा जीव, तीच भर उन्हात पोटाला थंडावा देणारी वाटी! साष्टी-सत्तरीतला शेतकरी दहाच्या सुमारास बांधावर बसून जी पेज पितो, तिची बहीण शेकडो कोसांवरच्या अरण्यात आपली वाट पाहत आहे. ती प्यायल्यावर आदिवासी हा शब्द आपण पूर्वीच्या सुरात उच्चारू शकणार नाही. एवढे झाले तरी प्रवासाचे सार्थक झाले, असे आम्ही म्हणू.

आणि परत येताना स्वतःच्या घराकडेही नव्या नजरेने पाहावे. आपल्या पेडण्यात, सत्तरीत, सांग्यात, काणकोणात राजांगणाची जुनी घरे अद्याप उभी आहेत. मागे कुळागर आहे, समोर तुळशीवृंदावन आहे, आणि आत बहुधा दोन वृद्ध माणसे आहेत. मुले मुंबई-पुण्यात किंवा परदेशात. दलाल महिन्यातून एकदा दारावरून चक्कर मारून जातो. त्याला उत्तर देण्याचा एक मार्ग असा, की दोन खोल्या झाडून पाहुण्याला द्याव्यात, त्याला आपल्या कुळागरातले केळे आणि आपल्या विहिरीचे पाणी द्यावे, आणि घराची चावी आपल्याच कनवटीला ठेवावी. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये कृषिपर्यटनाचे धोरण जाहीर केले; आपल्याकडेही अंतर्भागातील घरांचा विचार सरकार दरबारी व्हावा, आणि त्याचा पाया इटलीच्या त्या एका नियमावर असावा: आधी शेत, मग पाहुणा.

घर विकले की एकदाच पैसा मिळतो. घर जपले की पाहुणा पुन्हा येतो, आणि त्याला दार उघडणारा हात घरधन्याचाच असतो. बालाघाटच्या अरण्यात तो हात बैगांचा राहावा आणि आपल्या गावात आपला, एवढेच आमचे मागणे आहे.