प्रेमाचा ठेका, प्रतिष्ठेचा प्रश्न

नोव्हेंबर २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. अन्याय, प्रतिकार, प्रेम आणि मानवता या विषयांवरील जागतिक चर्चेत रेगेने घातलेली भर त्या वेळी आवर्जून नोंदवण्यात आली. प्रत्यक्षात रेगेविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात पहिल्या दोनच विषयांचा बोलबाला असतो. बॉब मार्ली म्हणजे बंडखोर आणि रेगे म्हणजे रास्ताफारी पंथाची मुक्तीची हाक, हे समीकरण पक्के झाले आहे. प्रेमगीते म्हणजे या मुख्य प्रवाहाच्या काठाने वाहणारा हलकाफुलका ओहोळ, अशी समजूत आहे. ती तपासून पाहण्याजोगी आहे. कोणाला सुंदर म्हणायचे, इच्छा कोणी व्यक्त करायची आणि कोणी गप्प बसायचे, हा प्रश्न गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या समाजात निव्वळ खासगी कधीच नव्हता.

जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा तेथे 'स्का' या वेगवान संगीताची चलती होती. १९६६ च्या सुमारास ही लय मंदावली आणि 'रॉकस्टेडी'चा जन्म झाला. ठेका संथ झाल्याने गायकाच्या आवाजाला जागा मिळाली आणि जोडीने नाचणाऱ्यांना उसंत. आल्टन एलिससारख्या गायकांनी विरह, आर्जव आणि मनधरणी यांना सूर दिला. रेगे अवतरला तो या प्रेमगीतांच्या पायावरच.

पुढे रेगेला राजकीय धार आली, तरी ही नाळ तुटली नाही. डिसेंबर १९७६ मध्ये किंग्स्टनच्या घरात गोळीबारातून बचावलेला मार्ली लंडनला गेला. १९७८ च्या मार्चमध्ये त्याचा 'काया' हा अल्बम आला, तेव्हा त्यातील प्रेमगीते ऐकून 'मार्ली मवाळ झाला' अशी टीका झाली. त्यानंतर महिनाभरातच, २२ एप्रिल रोजी, त्याने किंग्स्टनच्या रंगमंचावर मायकेल मॅन्ली आणि एडवर्ड सियागा या कट्टर राजकीय प्रतिस्पर्ध्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. प्रेम आणि राजकारण यांचे वेगवेगळे कप्पे टीकाकारांनी केले होते. त्या कलावंताने नव्हेत.

याच काळात लंडनमध्ये कॅरिबियन स्थलांतरितांची दुसरी पिढी वयात येत होती. अनेक क्लबांची दारे कृष्णवर्णीय तरुणांना बंद असल्याने घरांतून, तळघरांतून भरणाऱ्या 'ब्लूज पार्ट्या' हाच त्यांचा विसावा होता. तेथे 'लव्हर्स रॉक' ही रेगेची नवी शाखा फुलली. शाळकरी वयाच्या लुइझा मार्कचे १९७५ मधील गीत या शाखेचा आरंभ मानले जाते. १९७९ मध्ये डेनिस बोव्हेलने घडवलेले जॅनेट के हिचे 'सिली गेम्स' ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. रास्ताफारी रेगेच्या पुरुषप्रधान व्यासपीठावर या मुलींना फारसे स्थान नव्हते. गोऱ्या ब्रिटनच्या सौंदर्यकल्पनेत त्या बसत नव्हत्या. त्यांनी आपली ओढ आणि आपला रुसवा स्वतःच्या आवाजात मांडला, हेच पुरेसे धाडस होते. स्टीव्ह मॅक्वीन या दिग्दर्शकाने २०२० मध्ये अशाच एका रात्रीवर चित्रपट केला आणि त्याला 'लव्हर्स रॉक' हेच नाव दिले.

जमैकात मात्र १९८० च्या दशकात 'डान्सहॉल'ने आर्जवाची भाषा मागे टाकली. या बदलाचा ठळक चेहरा म्हणजे यलोमॅन. त्वचेत जन्मजात रंगद्रव्य नसलेला, अनाथाश्रमात वाढलेला हा गायक कुचेष्टेचा विषय ठरला होता. स्त्रिया आपल्यावरच भाळतात, अशी फुशारकी मारणारी गीते गाऊन त्याने ती कुचेष्टा उलटवली. १९८४ मध्ये सीबीएस या बड्या अमेरिकी कंपनीने त्याचा अल्बम काढला. आकर्षण हे रंगावर ठरते, या समजुतीला याहून खणखणीत उत्तर मिळाले नसते. पण समजूत चिवट होती. १९९२ मध्ये बुजू बँटनने उजळ वर्णाच्या स्त्रीचे गुणगान केले, तेव्हा वाद पेटला आणि कृष्णवर्णीय स्त्रीचा गौरव करणारे गीत त्याला पाठोपाठ आणावे लागले.

लैंगिक उघडेपणा हा डान्सहॉलवरील कायमचा आक्षेप. वेस्ट इंडीज विद्यापीठातील अभ्यासक कॅरोलिन कूपर यांनी त्याची दुसरी बाजू मांडली आहे. त्यांच्या मते, भद्र समाजाने झाकून ठेवलेल्या स्त्रीदेहाचा हा उत्सव आहे. लेडी सॉ या गायिकेने पुरुषांची बेधडक भाषा उचलून ती त्यांच्यावरच रोखली. तिनेच २००७ मध्ये अपत्यहीन स्त्रीच्या वेदनेचे गीतही गायले. फेब्रुवारी २००९ मध्ये जमैकाच्या प्रसारण आयोगाने शरीरसंबंधाचे उघड वर्णन करणाऱ्या 'डॅगरिंग' गीतांवर बंदी घातली. उच्चभ्रूंच्या कार्निव्हलमधील सोका संगीत तेवढे सोवळे कसे, असा सवाल तेव्हा टीकाकारांनी केला. तो रास्त होता. अश्लीलतेची व्याख्या वस्ती पाहून बदलते, हा अनुभव जुनाच आहे.

तरीही या बंडखोरीची मर्यादा नाकारता येणार नाही. सर्वांना इच्छेचा हक्क देणाऱ्या याच संगीताने समलिंगी व्यक्तींबाबत हिंसेची भाषा केली. बँटनचे १९९२ चे वादग्रस्त गीत त्याच्या संग्रहातून हटवले गेले ते थेट २०१९ मध्ये. समलिंगी पुरुषांच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा जमैकाचा कायदा १८६४ चा, म्हणजे ब्रिटिशांचा वारसा आहे. भारतातील ३७७ वे कलम त्याच साम्राज्याची देणगी. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातून मुक्त केले. जमैकात कायद्याला दिलेले आव्हान मात्र २०२३ मध्ये फेटाळले गेले. वसाहतवादाविरुद्ध एवढे गाणाऱ्या देशात वसाहतीचाच कायदा टिकावा आणि लोकप्रिय गायकांनी त्याच्या सुरात सूर मिसळावा, ही विसंगती बोचणारी आहे.

प्रेमगीतांना दुय्यम मानल्याने या कहाणीतील पराक्रम आणि पराभव दोन्ही नजरेआड राहतात. तुच्छ लेखलेला माणूसही हवाहवासा असू शकतो, हे जमैकन संगीताने जगाला ठणकावून सांगितले. हे सांगताना ज्यांना त्याने वगळले, त्यांच्यासाठीही तोच ठेका वाजेल, तेव्हाच युनेस्कोच्या त्या यादीतील 'प्रेम' हा शब्द सार्थ ठरेल.