किनाऱ्यावरची रोषणाई आणि निशाणे

पाऊस ओसरला की पेडणे तालुक्यात मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर शॅक, खोप्या आणि तंबू उभे राहतात. त्यांवर रंगीत दिव्यांच्या माळा चढतात, निरनिराळ्या देशांचे झेंडे आणि जाहिरातींची निशाणे फडकू लागतात. या हंगामाच्या कमाईवर कित्येक घरांची चूल पेटते. त्यामुळे सजावट मुळीच नको, असे आम्ही म्हणणार नाही. ती कोठे, केव्हा आणि किती असावी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पर्यटनाचा आणि ऑलिव्ह रिडले कासवांचा हंगाम एकच. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात, तीही बहुधा रात्री. त्यांना वाट दाखवायला आई नसते. किनाऱ्यामागच्या झाडीपेक्षा समुद्राकडचे क्षितिज उजळ दिसते आणि त्या उजेडाच्या रोखाने ती निघतात. मात्र मागच्या बाजूला दिव्यांची माळ असेल तर पिल्ले उलट दिशेला वळतात. मग थकून, सुकून किंवा कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी पडून ती मरतात. फार उजेड असेल तर मादीही किनारा टाळते.

कायदा याबाबत मुका नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांची विणीची ठिकाणे म्हणून नावानिशी नोंदलेले आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या कासवाला संरक्षण आहे. वनखाते घरट्यांभोवती कुंपण घालून राखण करते. परंतु कुंपणाने कुत्रा अडतो, उजेड अडत नाही.

उपाय महागडे नाहीत. समुद्राकडे तोंड असलेले दिवे विणीच्या काळात बंद ठेवावेत. जे हवेतच ते खाली बसवावेत, झाकावेत आणि पांढऱ्याऐवजी तांबूस-पिवळे लावावेत. पोटावर पाय न आणता होण्यासारखे हे काम आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने कासवांचे संरक्षण सुरू झाले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठीच तेथे पाहुणे येऊ लागले आणि गावातील घरांना त्यातून उत्पन्न मिळू लागले. अंधारही पाहुणे आणू शकतो, हे मोरजीनेही ध्यानात घ्यावे.

आता निशाणांविषयी. कोणी कोणते निशाण लावावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. तिरंग्याचे मात्र तसे नाही. जुलै २०२२ पासून नागरिकांना तो रात्रीही फडकवण्याची मुभा मिळाली. ध्वजसंहितेचे बाकीचे नियम कायमच आहेत. तिरंगा तोरण किंवा शोभेची वस्तू म्हणून वापरता येत नाही, फाटका-मळका झेंडा लावता येत नाही. खाऱ्या वाऱ्यात कापड लवकर विरते. म्हणून जो लावील त्याने तो रोज पाहावा आणि वेळीच सन्मानाने उतरवावा. एवढी काळजी घेणे जमत नसेल तर न लावलेला बरा.

झेंडा असो वा दिवा, तो लावणाऱ्याची जबाबदारी लावून झाल्यावर संपत नाही, हे मुलांना शाळेतच कळावे असे आम्हास वाटते. म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की यंदाची एक सहल मोरजीच्या किनाऱ्यावर न्यावी आणि वनखात्याच्या रक्षकांकडून मुलांना ही माहिती प्रत्यक्ष ऐकू द्यावी. पालकांनी किनाऱ्यावर गेल्यावर शॅकच्या मालकाला समुद्राकडचा दिवा मालवायला गोडीत सांगावे. आणि विद्यार्थ्यांनो, २६ जानेवारीच्या संध्याकाळी रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे उचलण्यापासून तुम्ही सुरुवात करा. या कामासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहायला नको.