दोनशे रुपये कमी केले आणि मावशी गेल्या



कॉस्टिंगच्या व्हिडिओत मी कायम दुकानाचं उदाहरण देतो. आज स्कूल बसचं देतो, आणि त्यात चूक माझीच आहे.

सावेडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सव्वाआठला पिवळी मिनीबस येते. माझी मुलगी पहिलीत. गेल्या जूनमध्ये आम्ही पाच पालकांनी बसवाल्या काकांना गाठलं. "एकाच स्टॉपवर पाच पोरं मिळतायत काका, महिन्याला दोनशे कमी करा." काका थोडा वेळ गप्प बसले, मग "बरं" म्हणाले. घरी येऊन बायकोला म्हटलं, बघ, याला म्हणतात निगोशिएशन!

पण रेट एका गल्लीत राहतो का? भिस्तबागपासून पाईपलाईन रोडपर्यंत सगळ्यांनी तोच रेट मागितला. वीस पोरं, दोनशे रुपये. महिन्याचे चार हजार गेले.

दिवाळीनंतर एकदा मुलीचा प्रोजेक्ट सांभाळत मी बसमध्ये बसून गेलो. पोरांना हात धरून चढवणाऱ्या मावशी दिसल्या नाहीत. प्रत्येक स्टॉपला काका स्वतः उतरत होते, गाडी चालूच. कोणाला उलटी होते, कोणाचं दप्तर कुठलं, कोणाला फक्त आजीच्याच हातात द्यायचं, सगळं त्यांना पाठ. पण ते खाली असताना आत पंधरा पोरं एकटी. एक छोटा उघड्या दारात उभा राहून मागून येणारा डंपर बघत होता. मी ओरडलो, तर तो माझ्याकडे बघून हसला.

"मावशी कुठंयत?" विचारलं. "परवडंना, साहेब."

त्यांचा पगार किती होता, ओळखा. चार हजार.

महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बसची नियमावली आहे. गाडीत मदतनीस लागतोच. म्हणजे नियम काकांनी मोडला, हे खरंच. त्यांनी "नाही जमणार" म्हणायला हवं होतं. पण कात्री त्यांच्या हातात मी दिली.

त्या संध्याकाळी काकांना दुकानात बसवून वही उघडली. डिझेल, हप्ता, विमा, फिटनेस, टायर. फी दहा महिने, हप्ता बारा महिने! सकाळी सहाला मोठ्या पोरांची पहिली खेप, मग आमची दुसरी. चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवायचा आदेश २०२४ मध्ये निघाला, म्हणून हे दोन खेपांचं गणित बसतं. पण पहिल्या खेपेला मनमाड रोडला उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकले, की दुसऱ्या खेपेत घाई होणारच. आणि स्वतःचा पगार? तो रकाना त्यांनी कधी मांडलाच नव्हता. बीबीएला मी हे शिकलो, तुम्हाला दर रविवारी शिकवतो, आणि समोरच्या माणसाचं कॉस्टिंग बघायचं मलाच सुचलं नाही.

तुम्ही बस चालवत असाल तर रेट सांगण्याआधी हा हिशेब पालकांपुढे ठेवा. मावशींचा पगार वेगळ्या ओळीत लिहा. ती ओळ खोडा, असं तोंडावर कोणी म्हणत नाही. आणि पालक असाल तर शाळेच्या परिवहन समितीत जा. मुख्याध्यापक अध्यक्ष असतात, पालकांचा प्रतिनिधीही असतो. बसची फी हा त्याच समितीचा विषय आहे. गल्लीत पाच जणांनी गाठून ठरवायचा नाही, आमच्यासारखा.

जानेवारीपासून आमच्या स्टॉपवर जुना रेट आणि वर शंभर द्यायचं ठरलं. बाकीचे स्टॉपही हळूहळू तयार झाले. मावशी परत आल्या. आमच्या पाचांतले दोघं मात्र नाही म्हणाले, त्यांची पोरं आता रिक्षाने जातात. काकांना त्या दोन जागा अजून भरता आलेल्या नाहीत. परवा वही घेऊन पुन्हा दुकानात आले होते. मे महिन्याचा हप्ता कसा काढायचा, यावर बसलोय.